उद्यानातील नाणे कोणाचे?

धातुशोधक यंत्र घेऊन जुनी नाणी शोधीत हिंडणे हा इंग्लंडमधील हजारो लोकांचा आवडता छंद आहे. यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून विद्युत्प्रवाह खेळत असताना जमिनीत धातू आला की यंत्र आवाज करते आणि शोधक तेथे खणू लागतो. शेते, समुद्रकिनारे आणि सार्वजनिक उद्याने ही या छंदाची क्षेत्रे होत.

उद्यान सर्वांचे, म्हणून त्यातील नाणे सापडेल त्याचे, असा समज सहज होतो; पण तो खरा नव्हे. उद्यानाची जमीन बहुधा स्थानिक नगरपरिषदेच्या मालकीची असते आणि तिच्या अनुमतीवाचून तेथे यंत्र फिरविता येत नाही. संरक्षित प्राचीन स्थळी विनापरवाना यंत्र वापरणे १९७९ च्या कायद्याने गुन्हाच ठरविले आहे.

हे निर्बंध केवळ हिरवळ जपण्यासाठी नाहीत. जुन्या नाण्याचे मोल त्याच्या धातूत थोडे आणि ते कोठे, कशासोबत सापडले यात अधिक असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सुमारे सव्वातेरा हजार चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती; परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. सातवाहनांच्या विजयाचा हा बोलका पुरावा होय. ही नाणी सराफाच्या मुशीत गेली असती तर चांदी तेवढीच भरली असती. इतिहास मात्र वितळून गेला असता.

म्हणूनच हा प्रश्न नीतीइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. वस्तू लपविण्यात लाभ किती आणि जाहीर करण्यात किती, याचा हिशेब ज्याला ती सापडते तो मनाशी करीतच असतो. कायद्याचे यश या हिशेबावर अवलंबून असते.

इंग्लंडने हे ओळखले. तेथील १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन वा अधिक नाणी एकत्र सापडल्यास चौदा दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने ती घेतल्यास बाजारभावाइतके पारितोषिक मिळते आणि ते सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जाते. बाजारभाव देण्याची प्रथा तेथे त्याआधीही होती. १९९२ साली सफोक परगण्यातील हॉक्सन येथे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी व दागिने सापडले. शोधकाने खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळविले. त्यामुळे तज्ज्ञांना ठेव शास्त्रशुद्ध रीतीने काढता आली, आणि पारितोषिकाची रक्कम साडेसतरा लाख पौंड ठरली. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद व्हावी म्हणून १९९७ पासून तेथे एक योजना चालते. तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

अर्थात पारितोषिकाने लोभ नाहीसा होत नाही. २०१५ साली लेमिन्स्टरजवळ दोघांनी विनापरवाना खणून सुमारे तीनशे नाण्यांची ठेव दडविली. वेसेक्स व मर्सिया या दोन राज्यांच्या राजांना शेजारी शेजारी दाखविणारी दुर्मीळ नाणी तीत होती. २०१९ साली दोघांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. परंतु त्यांतील फारच थोडी नाणी हाती लागली.

आपल्याकडील स्थिती काय आहे? येथे १८७८ चा भूमिगत धनाविषयीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसला, तर शोधकाला तीन चतुर्थांश व जमीनमालकाला उरलेला भाग मिळावा, अशी तरतूद आहे. इंग्लंडच्या निम्म्या वाट्यापेक्षा ही उदार वाटते. परंतु खरी मेख पुढेच आहे. शासनाने ते धन स्वतःकडे घ्यायचे ठरविले, तर धातूची किंमत आणि तिच्या एकपंचमांश एवढीच रक्कम द्यावयाची. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला धातू म्हणून किंमत ती किती! संग्राहक त्याच नाण्याला कित्येक पटींनी अधिक पैसे मोजतो. नदीकाठची माती धुऊन पोट भरणाऱ्या झारेकऱ्याने कचेरीची पायरी चढावी कशासाठी? कायदा त्याला प्रामाणिकपणाची किंमत मोजावयास लावतो आणि वर कारावासाचा धाक घालतो.

बाजारभाव दिल्यास चोरट्या खोदकामाला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यावर उपाय आहे. अनुमतीवाचून खणणाऱ्यास पारितोषिक नाकारावे आणि सापडल्याची नेमकी जागा सांगणे ही देयकाची अट ठेवावी. तिजोरीवरील भाराचे भयही अनाठायी आहे. प्रत्येक नाणे विकत घेण्याचे बंधन नसते, नोंद करून ते परतही देता येते. मुख्य म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी अशी नोंद घेणारा जाणकार माणूस हवा.

उद्यानातील नाणे व्यवहारात कोणाचेही ठरो. त्याने सांगितलेली माहिती सर्वांची आहे. ती विकत घेण्याइतका शहाणपणा शासनाने दाखविला नाही, तर ती मुशीत जाईल, आणि मुशीतून ती परत येत नाही.