नांदूरमध्यमेश्वर येथील पांखरें व आमचे विद्यार्थी

पुस्तकांतील ज्ञान हें दुसऱ्या कोणीं तरी पाहून लिहिलेलें असतें; तें आपल्या डोळ्यांनीं पडताळून पाहणें हें शिक्षणाचें दुसरें अंग होय. नाशिककरांस त्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, नांदूरमध्यमेश्वरचें पक्षी अभयारण्य आहे. तेथें मुलांस काय शिकतां येईल, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम या स्थळाची उत्पत्ति समजून घ्यावी. हें सरोवर निसर्गनिर्मित नव्हे. कालव्यांस पाणी मिळावें म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें दगडी बंधारा बांधण्यांत आला. नद्यांनीं आणलेला गाळ त्यामागें वर्षानुवर्षें सांचत गेला, पाणी उथळ झालें, बेटें बनलीं, लव्हाळे माजले. शेतकऱ्यांच्या पाण्याची जी हानि, तीच पांखरांची मेजवानी ठरली! १९८६ मध्यें हें अभयारण्य जाहीर झालें. पुढें २०१९ मध्यें, जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचा समावेश झाला; हा मान महाराष्ट्रांत प्रथम यासच मिळाला. रामसर हें इराणांतील शहर. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्यें तेथें झाला.

तेथें गेल्यावर मुलांनीं एकदम नांवें विचारूं नयेत. आधीं चोंच व पाय पाहावे. चमचा या पक्ष्याची चोंच टोंकाशीं पसरट असते. ती किंचित् उघडी ठेवून तो उथळ पाण्यांत डावीउजवीकडे फिरवितो व जें लागेल तें टिपतो. मुग्धबलाक नांवाच्या करकोच्याच्या चोंचींत मध्यें फट असते. पाण्यांतील गोगलगाई हें त्याचें मुख्य अन्न. कमळपक्ष्याचीं बोटें इतकीं लांब कीं, अंगाचा भार विभागला जाऊन तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. पाणकावळा बुडी मारून मासे धरतो. पण त्याचीं पिसें भिजतात, म्हणून बाहेर येऊन पंख पसरून तो तीं वाळवीत बसतो. एकाच पाण्यांत हजारों जीव जेवतात. परंतु प्रत्येकाची खोली निराळी व साधन निराळें, म्हणून पंक्तींत भांडण थोडें.

दुसरा धडा भूगोलाचा. हिवाळ्यांत येथें दूरदूरचे पाहुणे उतरतात. पट्टकदंब हा हंस तिबेट व मंगोलिया यांतील उंच सरोवरांकांठीं पिलें वाढवितो, आणि थंडी पडतांच हिमालय ओलांडून दक्षिणेस येतो. संस्कृत कवींचा आवडता चक्रवाक लडाख-तिबेटाकडून येतो. नकाशावर वीतभर दिसणारें हें अंतर त्या लहानशा पंखांनीं कापलें, हें समोर पाहिल्यावर हिमालय हा केवळ परीक्षेंतील एक प्रश्न राहत नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, "पांखरें तर अंगणांतही दिसतात, अभ्यासाचा एक दिवस कां दवडावा?" याचें उत्तर असें कीं, अंगणांतील साळुंकीस आमची संवय झालेली असते, येथें मात्र आपण परके असतों. आरडाओरड केली कीं थवा उडतो. परतीच्या प्रवासासाठीं पांखरें अंगांत चरबी सांठवीत असतात. विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्या शिदोरींतून खर्च होते. म्हणून दगड मारूं नये, खाऊ टाकूं नये, भडक कपडे घालूं नयेत व बोलणें हळू असावें. आपल्या क्षणभराच्या गमतीची किंमत दुसऱ्या जीवास द्यावी लागते, हें ज्या मुलास कळलें, त्याचा तो दिवस फुकट गेला असें कोण म्हणेल?

शेवटचा धडा मुलांपेक्षां आम्हां वडील मंडळींसच अधिक लागू आहे. रामकुंडावरून वाहणारी गोदावरीच पुढें चांदोरी-सायखेड्यावरून या जलाशयास मिळते. शहरांतील सांडपाणी व कचरा जो पात्रांत पडतो, तो तिजबरोबर खालीं जातो. अशा पाण्यावर जलपर्णी पोसते, आणि तिचा दाट थर पसरला कीं खालच्या पाण्यास ऊन व हवा मिळत नाहीं. तेव्हां अभयारण्याचें रक्षण केवळ तेथील रखवालदाराच्या हातीं नाहीं. तें नाशिकच्या घाटावर उभें राहून निर्माल्याची पिशवी नदींत टाकणाऱ्या अथवा न टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं आहे.

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस आकाशांतील पांखरांकडे लक्ष द्यावयास सांगितलें, तें स्वर्गीय पित्याच्या काळजीची खूण पटावी म्हणून. तो ज्यांस अन्न पुरवितो, त्यांचें ताट आपण घाण करूं नये, एवढें तरी आपलें कर्तव्य खचित आहे. येत्या हिवाळ्यांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पालकांनीं मुलांस एकदां पहाटे तेथें न्यावें. सोबत वही-पेन्सिल द्यावी, आणि परत आल्यावर "किती पक्षी पाहिले?" असें न विचारतां "एकाचें तरी नीट काय पाहिलें?" असें विचारावें.