सापांचे प्रदर्शन वस्तीत आणायचे का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी काही कार्यक्रम घ्यावा, म्हणून आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची बैठक विहाराच्या ओट्यावर बसली होती. चित्रकला, वक्तृत्व असे नेहमीचे विषय झाले. मग एका मुलाने सांगितले, एक गृहस्थ जिवंत सापांचे प्रदर्शन घेऊन गावोगाव फिरतात. दहा-बारा पेट्या आहेत. नाग, घोणस, अजगर, शिवाय एक घोरपड. मंडळाने फक्त हॉल आणि लाईट द्यायची. तिकीट दहा रुपये, निम्मे त्यांचे, निम्मे मंडळाचे. पोरांचे डोळे चमकले. खोटे कशाला बोलू, माझेही चमकले. लहानपणी जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून काचेच्या पेटीतला नाग मी पाहिला होता. तो फणा आजही डोळ्यांसमोर आहे.

पण वकिलाकडे कारकुनी करणारा आमचा एक पोरगा बैठकीत होता. तो म्हणाला, "काका, आधी त्यांना कागद विचारा." त्याचे खरे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयाची जी व्याख्या दिली आहे, तीत एका जागी असलेले आणि फिरते, अशी दोन्ही येतात. लोकांना दाखवण्यासाठी पकडलेले वन्यप्राणी ठेवायचे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हे प्राधिकरण 1992 साली स्थापन झाले. म्हणजे टेम्पोत पेट्या घालून फिरणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे. नाग, अजगर, घोरपड या सर्वांना कायद्याचे संरक्षण आहे.

त्या गृहस्थांना फोन लावला. कागद विचारला तर म्हणाले, "फॉरेस्टवाले सगळे ओळखीचे आहेत." ओळख म्हणजे परवानगी नव्हे. उद्या गुन्हा नोंदला गेला तर हा माणूस पेट्या उचलून दुसऱ्या गावी जाईल, आणि पोलीस येतील ते आमच्या पोरांना विचारत.

सापाचाही विचार करा. त्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ऊन वाढले की तो बिळात शिरतो, गारठा पडला की उन्हाला येतो. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत कोंडला तर तो जाणार कुठे? गारुड्याच्या टोपलीत त्याचे हाल आणखी वाईट. दात उपटतात, काही वेळा तोंड शिवतात. तहानलेला असला म्हणून दूध तोंडात घेतो, पण दूध काही त्याचे अन्न नाही. पुंगीवर डोलतो म्हणतात, तो हलत्या पुंगीवर नजर ठेवून असतो. गारुडी हाही पोटासाठी भटकणारा माणूस आहे, त्याला शिव्या देऊन काय होणार? तामिळनाडूत इरुळा आदिवासींनी 1978 साली सहकारी संस्था काढली. परवान्याने साप पकडायचे, विष काढायचे, साप परत रानात सोडायचे. त्या विषापासून औषध तयार होते. कसब तेच, पण कामाला लागले.

बैठक इथेच संपायची. पण कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या, "पोरांना साप दाखवू नका म्हणता. मग माझ्या सुनेला काय चावले ते कुणाला कळले होते?"

सगळे गप्प झाले. पावसाळ्यातली गोष्ट. सून जमिनीवर निजली होती. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या. अंगावर खूण म्हणावी अशी नव्हती. कुणी म्हणाले पित्त, कुणी म्हणाले बाहेरचे. मांत्रिकाकडे तीन तास गेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास थांबला होता. ही मण्यारीची रीत आहे. रात्री घरात शिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी आणि भुईवर निजणारी.

आजींच्या बोलण्यावर कार्यक्रम ठरला. प्रदर्शन भरले, पण त्यात जिवंत साप एकही नव्हता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांची मोठी रंगीत चित्रे, आणि त्यांच्याशेजारी धामण, दिवड, कवड्या या बिनविषारींची. कवड्या आणि मण्यार यांत लोक हमखास फसतात, म्हणून ती दोन चित्रे जोडून लावली. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आले होते. त्यांनी एका मुलाला बाकावर निजवून त्याच्या पायाला लाकडी पट्टी बांधून दाखवली, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी. दोरीने करकचून आवळायचे नाही, ब्लेड मारायचे नाही, तोंडाने ओढायचे नाही. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढायची. माणसाला चालवायचे नाही, 108 ला फोन करायचा. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही, कारण या चारही सापांवर एकच लस चालते. तीच लस मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात, हे ऐकून पोरे थक्क झाली.

बायकांनी प्रश्न विचारले ते घरातले. खाट नसेल तर? मच्छरदाणी लावा, तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. सरपण घराला टेकून रचू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. एका ताईने विचारले, "डॉक्टर, लस तुमच्याकडे शिल्लक असते का?" डॉक्टर क्षणभर थांबले, मग म्हणाले, "सध्या आहे. पावसाळ्याच्या आधी तुम्ही येऊन विचारत जा." मंडळाच्या दोन मुली जूनच्या पहिल्या सोमवारी जाऊन विचारून आल्या. कपाटातल्या कुप्या मोजून आल्या.

आणि पोरांचा हट्ट? त्यांना जिवंत नाग बघायचाच आहे. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान 1986 पासून आहे, तिथे रीतसर बघता येतो. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने जायचे ठरले आहे. दर घरामागे महिना पन्नास रुपये गोळा होत आहेत. आजींनी दोन तिकिटांचे दिले आहेत, एक स्वतःचे, एक नातवाचे.