धर्मसत्ताधीशांची रौप्य नाणी व त्यांवरील लेख

सोळाव्या ते अठराव्या शतकांत जर्मनभाषक प्रदेशांतील कित्येक बिशप व आर्चबिशप हे केवळ धर्मगुरू नव्हते. पवित्र रोमन साम्राज्यात ते आपापल्या भूमीचे शासकही होते आणि स्वतःच्या नावाने नाणी पाडीत. त्यांचे टालर, म्हणजे मोठे रौप्य नाणे, संग्राहकांस विशेष प्रिय आहे. परंतु पुष्कळजण चित्र व वजन पाहतात आणि कडेने फिरणारा लेख सोडून देतात. वस्तुतः नाणे कोणाचे, हे बहुधा त्या लेखावरूनच ठरते.

साल्झबुर्कचे आर्चबिशप पारिस लोद्रोन (कारकीर्द १६१९–१६५३) ह्यांच्या टालरावर एका बाजूस संत रूपर्ट मिठाचे पिंप घेऊन दिसतो. नगराच्या नावातच मीठ आहे. दुसऱ्या बाजूचा लेख साधारणतः असा : ‘पारिस डी. जी. आर्किएप्स. सालि. से. आप. एल.’ ही लॅटिन संक्षेपाक्षरे उकलली असता अर्थ निघतो तो असा : ‘देवाच्या कृपेने साल्झबुर्कचा आर्चबिशप, पोपच्या पीठाचा प्रतिनिधी, पारिस’.

ज्या नाण्यांवर ‘सेदे वाकान्ते’ असे शब्द येतात, तेथे नवखा संग्राहक हटकून चकतो व ते कोणा बिशपाचे नाव समजतो. संस्कृतज्ञास मात्र ही रचना परकी वाटणार नाही. आपली जी सति सप्तमी, तेच काम लॅटिनमध्ये पंचमी करते : ‘पीठ रिक्त असता’. जुना बिशप निवर्तला व नवा निवडला गेला नाही, अशा अवधीत प्रधान चर्चचे धर्ममंडळ स्वतःच्या अधिकाराने नाणी पाडी. म्युन्स्टर येथे १८०१ साली अशी नाणी निघाली. पुढे १८०३ मध्ये ही धर्मराज्येच संपुष्टात आली.

ह्या सर्वांहून विलक्षण नाणे १६२२ सालचे आहे. ब्राउन्श्वाइकचा ड्यूक क्रिस्टियान हा हाल्बरश्टाट धर्मप्रांताचा प्रशासक, परंतु प्रॉटेस्टंट. तीस वर्षांच्या युद्धात त्याने पाडरबोर्न येथील चर्चचे रुपे लुटले, संत लिबोरियसची रौप्य अस्थिमंजूषा वितळविली आणि त्याचे टालर पाडले. त्यांवर मधोमध लॅटिन नव्हे, तर रोखठोक जर्मन लेख आहे : ‘देवाचा मित्र, पाफ्फेनांचा शत्रू’. ‘पाफ्फे’ हा शब्द मुळात धर्मोपदेशकाचा साधा वाचक. धर्मसुधारणेच्या काळात त्यास तुच्छतेचा वास आला. मराठीत ‘बुवा’ शब्दाची अवस्था काहीशी अशीच झाली आहे. हे शब्द सामान्य जनांस कळावेत हाच हेतू असावा. नुसते चित्र पाहणाऱ्यास त्यात ढगातून निघालेला सशस्त्र हात तेवढा दिसेल. १६२७ मध्ये हान्स क्राको ह्या सोनाराने नवी मंजूषा घडविली.

पुष्कळ टालर पुढे दागिन्यांत वापरले गेले. कडेस डाख लावून कडी जोडलेली असे व ती काढताना नेमकी दोन-चार अक्षरे झिजत. नाणे विकत घेताना म्हणून प्रथम कड पाहावी, आणि चकचकीत करण्याच्या हौसेने ते कधीही घासू नये.