चायनीजचा बेत, सोबत पेय कोणतं?

मैत्रिणींनो, मंगरूळपीरच्या शिवारात सोयाबीन उदंड पिकतं. पण त्याच सोयाबीनला गहू-मीठ लावून, आंबवून सोया सॉस होतो, हे किती जणींच्या ध्यानात असतं? पुढच्या वेळी चौघी जमलात की नूडल्स, फ्लॉवरचं मंचुरियन आणि आलं-लसणावर परतलेला भात असा बेत करून पाहा.

सोबत नाशिककडची वाइन ठेवायची हौस असेल, तर एक लक्षात असू द्या. आपला वऱ्हाडी हात तिखटाचा! तुरट लाल वाइनने तिखट अधिकच झोंबतं. त्यापेक्षा शेनिन ब्लां द्राक्षांची, किंचित गोडसर पांढरी वाइन घ्यावी. दोन-तीन तास फ्रीजमध्ये गार करावी आणि पेला अर्धाच भरावा.

अन् न घेणारीचं काय? तिच्यापुढे नुसतं पाणी ठेवून तिला परकं वाटू देऊ नका. संत्र्याचा ताजा रस, त्यात आल्याच्या रसाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ. तसाच गार, तशाच पेल्यात द्या. तिने ‘नको’ म्हटलं, की कारण विचारायचं नाही. आग्रह करायचाच तर भाताचा करा, वाइनचा मुळीच नको!