स्तनातील गाठ : तुकडा तपासावा की नाही?

स्तनात हाताला लागलेली प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते, हा समज चुकीचा आहे. तरुण वयात बोटाखाली सरकणारी गाठ किंवा पाण्याने भरलेली पिशवी असेच तिचे स्वरूप बहुधा असते. तथापि भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे आणि त्याची गाठ आरंभी सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दाखविली जात नाही. दाखविलीच आणि डॉक्टरांनी ‘तुकडा काढून तपासू’ असे म्हटले, की घरात चर्चा सुरू होते. हंगाम संपू दे, मुलीचे लग्न पार पडू दे, असे म्हणत दवाखान्याचा कागद घडी घालून कपाटात ठेवला जातो.

तुकडा प्रत्येक गाठीचा काढावा लागतो असे नाही. प्रथम डॉक्टर हाताने तपासतात, नंतर मॅमोग्राफी वा सोनोग्राफी होते. तिशीच्या आतील स्त्रियांना सोनोग्राफी अधिक उपयोगी ठरते, कारण त्या वयातील दाट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ नीट दिसत नाही. निव्वळ पाण्याची गाठ दिसली तर सहसा तुकड्याचे कारण उरत नाही. काही गाठी सहा महिन्यांनी पुन्हा पाहणेच योग्य असते. मात्र चित्र निर्दोष असूनही हाताला टणक गाठ लागत असेल, तर ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेची गाठ ‘दुधाची’ म्हणून सोडून दिली जाते. तीही टिकून राहिल्यास तपासावीच लागते.

‘गाठीला सुई लागली की ती पसरते’ ही भीती सर्वत्र ऐकू येते. सुईच्या वाटेवर काही पेशी क्वचित सरकतात, हे खरे. परंतु त्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते असे आढळून आलेले नाही. पुष्कळदा रोग आधीच पसरलेला असताना तपासणी होते, रुग्ण पुढे दगावतो आणि दोष सुईच्या माथी येतो.

दुसरी भीती जुन्या पद्धतीतून आलेली असावी. एके काळी रुग्णेला भूल देऊन गाठ तपासली जाई आणि कर्करोग निघाल्यास त्याच भुलेत स्तन काढला जाई. आज निदान आणि उपचार हे सहसा वेगळे टप्पे आहेत. निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. तुकड्यासाठी जागा बधिर करून जाड सुईने धाग्यासारखे बारीक तुकडे घेतात. सहसा टाका पडत नाही. स्त्री त्याच दिवशी घरी जाते. बारीक सुईने केवळ पेशी मिळतात. तुकड्यावरून कर्करोग आहे की नाही एवढेच नव्हे, तर कोणती औषधे लागू पडतील हेही कळते.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. ‘तुकडा कशाला, गाठच काढून टाका’ असा आग्रह धरला जातो. पुढे ती कर्करोगाची निघाल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आधी औषधाने गाठ लहान करून स्तन वाचविण्याची संधीही जाते. काढलेली गाठ तपासणीस न पाठविणे तर अक्षम्यच.

तिसाव्या वर्षापासून स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. मात्र त्यासाठीही आधी निदानाचा अहवाल हवा. अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. दुसऱ्या रुग्णालयाचे मत घ्यावयाचे झाल्यास बहुधा तेवढ्यावर भागते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.