डीएनएसच्या साठ्यातली खोटी नोंद

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम या संस्थेने आपल्या ‘बाइंड ९’ या डीएनएस सॉफ्टवेअरमधल्या काही त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या दोन त्रुटी गंभीर होत्या. त्यांचा फायदा घेऊन हल्लेखोराला दुसऱ्याच्या डीएनएस रिझॉल्व्हरमध्ये खोटी माहिती घुसवता आली असती. या प्रकाराला कॅश पॉयझनिंग म्हणतात. दुखणे नवे नाही. १९९७, २००८ आणि २०२० सालीही त्याने वेगवेगळ्या रूपांत डोके वर काढले होते. ते पुन्हा पुन्हा का उद्भवते, हे कळण्यासाठी आधी डीएनएसचे काम समजून घ्यायला हवे.

रिझॉल्व्हर काय करतो

आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टाकतो, पण यंत्रांना एकमेकांपर्यंत पोहोचायला अंकी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडला. आजही पायाभूत मानले जाणारे तिचे नियम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपला फोन किंवा संगणक स्वतः हा शोध घेत नाही. तो इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या, कार्यालयाच्या किंवा एखाद्या सार्वजनिक सेवेच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर आधी रूट सर्व्हरकडे जातो, तिथून ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे आणि शेवटी त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरकडे. मिळालेले उत्तर तो आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवतो. किती सेकंद ठेवायचे, हे उत्तरातच लिहिलेले असते. ही मुदत काही मिनिटांची असू शकते किंवा ८६,४०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण एका दिवसाची.

या साठ्यामुळे इंटरनेट वेगवान होते आणि धोकाही त्याच्यातूनच निर्माण होतो. साठ्यात एक खोटी नोंद शिरली, की मुदत संपेपर्यंत त्या रिझॉल्व्हरवर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला खोटाच पत्ता मिळतो. वापरणाऱ्याच्या यंत्रात कुठलाही व्हायरस शिरलेला नसतो. त्याने नावही अचूक टाइप केलेले असते.

उत्तर खरे कशावरून?

डीएनएसचे प्रश्न बहुतेक वेळा यूडीपी या पद्धतीने जातात. तिच्यात आधी जोडणी प्रस्थापित होत नाही. एक पॅकेट जाते, एक पॅकेट येते. पाठवणाऱ्याचा पत्ता पॅकेटवर लिहिलेला असतो, पण तो खोटा लिहिणे अवघड नाही. मग रिझॉल्व्हर उत्तरावर विश्वास कसा ठेवतो? सरकारी पत्रव्यवहारात ‘संदर्भ : आपले पत्र जावक क्रमांक अमुक’ असे लिहिलेले असले की उत्तर योग्य फायलीला लागते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ओळख क्रमांक असतो आणि तोच क्रमांक उत्तरात यावा लागतो.

हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. खरे उत्तर येण्याआधी हल्लेखोराने योग्य क्रमांकाचे बनावट उत्तर पोहोचवले, तर रिझॉल्व्हर ते स्वीकारतो आणि मागून येणारे खरे उत्तर टाकून देतो. १९८० च्या दशकात ही रचना झाली, तेव्हा इंटरनेट मोजक्या संस्थांपुरते होते आणि क्रमांकाचा हेतू प्रश्न-उत्तरांची जोडी लावणे एवढाच होता. पुढे त्याच्यावरच सुरक्षेचा भार येऊन पडला.

१९९७ : न विचारलेली माहिती

सुरुवातीच्या बाइंडमध्ये तर क्रमांक ओळखायचीही गरज नव्हती. एका नावाबद्दल विचारले असता उत्तरासोबत भलत्याच नावाची माहिती जोडून आली, तरी ती साठ्यात जात असे. जुलै १९९७ मध्ये युजीन काशपुरेफ याने याचाच वापर केला. त्या काळी नावांची नोंदणी करणाऱ्या इंटरनिकच्या संकेतस्थळाकडे निघालेले लोक त्याच्या अल्टरनिकच्या संकेतस्थळावर जाऊन पडले. पुढे त्याने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यावर नियम कडक झाला. ज्या डोमेनबद्दल विचारले, त्याच्या कक्षेतलीच जादा माहिती स्वीकारायची. ओळीने वाढत जाणारे ओळख क्रमांकही रँडम करण्यात आले. शिवाय साठ्यात खरी नोंद असेपर्यंत रिझॉल्व्हर पुन्हा विचारतच नाही. म्हणजे हल्लेखोराला दिवसातून एखादीच संधी. एवढे पुरेसे आहे, असा समज पुढे दहा वर्षे टिकला.

२००८ : कॅमिन्स्की यांची युक्ती

डॅन कॅमिन्स्की या अमेरिकी संशोधकाने हा समज मोडून काढला. एखाद्या बँकेचे मुख्य नाव विचारले, तर मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. पण त्याच बँकेच्या डोमेनखाली अस्तित्वातच नसलेले एखादे नाव विचारले तर? ते साठ्यात नसणारच, म्हणून रिझॉल्व्हरला बाहेर विचारावेच लागते. एक डाव हुकला की हल्लेखोर दुसरे काल्पनिक नाव विचारतो, मग तिसरे. प्रत्येक वेळी नवी शर्यत सुरू होते आणि थांबण्याचा प्रश्नच उरत नाही.

काल्पनिक नाव जिंकून काय मिळते? खरी मेख इथे आहे. बनावट उत्तरात हल्लेखोर लिहितो, ‘हे नाव मला माहीत नाही, या डोमेनच्या सर्व्हरला विचारा, आणि त्या सर्व्हरचा पत्ता हा घ्या.’ ही माहिती त्याच डोमेनच्या कक्षेतली असल्यामुळे नियमाला धरून असते. ती स्वीकारली गेली, की संपूर्ण डोमेनची सूत्रे हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जातात. त्या वेळच्या अनेक रिझॉल्व्हरवर हे काही सेकंदांत साधता येत होते.

कॅमिन्स्की यांनी शोधाचा गाजावाजा केला नाही. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंड इथल्या आवारात निवडक तज्ज्ञ गुपचूप भेटले आणि ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. तपशील ऑगस्टमधल्या ‘ब्लॅक हॅट’ या सुरक्षा परिषदेपर्यंत गुप्त ठेवायचे ठरले होते. दोन आठवड्यांच्या आतच इतरांनी ते ओळखले आणि ते फुटले.

दुरुस्ती, पण अपुरी

ही दुरुस्ती म्हणजे प्रत्येक प्रश्न वेगळ्या, रँडम पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या वेगळ्या क्रमांकाच्या दारातून पाठवणे. आता हल्लेखोराला १६ बिटांच्या क्रमांकासोबत पोर्टचाही अंदाज बांधावा लागतो. शक्यता ६५ हजारांवरून कोट्यवधींच्या, जास्तीत जास्त सुमारे चारशे कोटींच्या घरात गेल्या. गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या ‘डीजेबीडीएनएस’ या सॉफ्टवेअरमध्ये ही खबरदारी कितीतरी आधी घेतली होती.

तरीही हे कुलूप अंदाजाचेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एव्गेनी पॉल्याकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने वेगवान स्थानिक नेटवर्कवरून सुमारे दहा तास पॅकेटांचा मारा करून दुरुस्त केलेल्या बाइंडलाही फसवून दाखवले. शिवाय काही कार्यालयांतली नॅट उपकरणे (आतल्या यंत्रांची पॅकेटे एकाच सामाईक पत्त्यावरून बाहेर पाठवणारी) रिझॉल्व्हरने निवडलेले रँडम पोर्ट बदलून ओळीने येणारे पोर्ट लावत, त्यामुळे दुरुस्ती करूनही भोक तसेच राहत असे.

२०२० : पोर्ट शोधण्याची आडवाट

नोव्हेंबर २०२० मध्ये रिव्हरसाइड इथले कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ‘सॅड डीएनएस’ हा हल्ला मांडला. बंद पोर्टवर पॅकेट आले की यंत्र ‘पोर्ट बंद आहे’ असा संदेश परत पाठवते. लिनक्समध्ये अशा संदेशांवर सेकंदाला एक हजाराची सामाईक मर्यादा होती. हल्लेखोर दुसऱ्याच्या पत्त्याने हजार पोर्टवर पॅकेटे टाकतो आणि लगेच स्वतःच्या पत्त्याने एक टाकतो. त्याला उत्तर मिळाले, तर मर्यादा संपलेली नाही, म्हणजेच हजारांपैकी किमान एक पोर्ट उघडा आहे.

पोर्ट असा आधीच कळला, की दोन अंदाजांचा गुणाकार मोडतो आणि बेरीज उरते. चारशे कोटींची भिंत पुन्हा हजारांवर येते. लिनक्सने ही मर्यादा रँडम केली.

२०२५ : दोन्ही जुन्या चुका एकदम

ऑक्टोबर २०२५ मधल्या दोन त्रुटी वाचताना हा सगळा इतिहास पुन्हा समोर येतो. एका त्रुटीत, रँडम आकडे तयार करणारी पद्धत कच्ची असल्यामुळे पुढचा पोर्ट आणि ओळख क्रमांक यांचा अंदाज बांधणे शक्य होते. दुसरीत, बाइंड काही परिस्थितींत उत्तरासोबत आलेल्या नोंदी स्वीकारण्यात फार उदार होते. ही १९९७ च्याच जातकुळीतली चूक. पहिली त्रुटी कळवणाऱ्यांत जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अमित क्लाइन होते. बाइंड ९ चे ओळख क्रमांक ओळखता येतात, हे २००७ मध्येही त्यांनीच दाखवले होते. दुरुस्ती ९.१८.४१ आणि ९.२०.१५ या आवृत्त्यांत आली.

पक्का उपाय : सही केलेले उत्तर

आतापर्यंतचे सगळे उपाय अंदाज कठीण करणारे आहेत. अंदाजाचा प्रश्नच संपवणारा उपाय म्हणजे डीएनएससेक. यात डोमेनचा मालक आपल्या नोंदींवर डिजिटल सही करतो आणि रिझॉल्व्हर ती तपासतो. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या किल्लीची ग्वाही देते. रूटवर १५ जुलै २०१० रोजी सही झाली. हल्लेखोराने क्रमांक आणि पोर्ट दोन्ही अचूक ओळखले, तरी सही नसलेले उत्तर फेकले जाते. पण दोन्ही बाजू तयार हव्यात. मालकाने सही केली नाही किंवा रिझॉल्व्हरने तपासली नाही, तर संरक्षण शून्य. असंख्य डोमेनवर आजही सही नाही.

डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसमुळे हा प्रश्न सुटला, असा एक गैरसमज आहे. ती सोय आपले यंत्र आणि रिझॉल्व्हर यांच्यातला टप्पा सुरक्षित करते. रिझॉल्व्हरच्या पुढचा प्रवास त्यात येत नाही.

कोणी काय करावे

कार्यालय, महाविद्यालय किंवा सहकारी बँकेचा रिझॉल्व्हर सांभाळणाऱ्यांनी सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, डीएनएससेकची तपासणी चालू ठेवावी आणि रिझॉल्व्हर फक्त आपल्या लोकांपुरता खुला ठेवावा. समोरचे नॅट उपकरण पोर्ट ओळीने लावत नाही ना, हेही पाहावे. इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी खोट्या पत्त्याची पॅकेटे आपल्या जाळ्यातून बाहेर जाऊ देऊ नयेत. ही शिफारस १९९८ सालापासून लेखी स्वरूपात आहे. डोमेनच्या मालकांनी आपल्या नोंदींवर सही करून घ्यावी.

घरच्या वापरकर्त्याने राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करावे. अनेक राउटरमध्ये असलेल्या ‘डीएनएसमास्क’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्येही जानेवारी २०२१ मध्ये अशाच त्रुटी जाहीर झाल्या होत्या. आणि बँकेचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नये. पत्ता खोटा निघाला तरी बँकेचे खरे प्रमाणपत्र सहसा हल्लेखोराकडे नसते, आणि अशा वेळी तो इशारा हीच वापरकर्त्याच्या हातातली शेवटची सूचना असते.