दुआ कबूल झाली नाही तर?

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला नमाज नवीन नसते. लहानपणी गावात अजान ऐकलेली असते. इथे आल्यावर तर कचेरीच्या वेळा, दुकानांच्या वेळा, रमजानमधले कामाचे कमी तास हे सगळे नमाजच्याच अनुषंगाने ठरते. परंतु ज्यांच्या शेजारी बसून आपण वर्षानुवर्षे काम करतो, त्यांच्या श्रद्धेच्या आत काय आहे हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. मस्कतमधल्या २२ वर्षांच्या वास्तव्यात एक प्रश्न मी अनेक सहकाऱ्यांना विचारला आणि जमेल तसे वाचनही केले. प्रश्न साधा आहे. देवाजवळ मनापासून मागितले आणि मिळाले नाही, तर मुसलमान माणूस त्याचा अर्थ काय लावतो?

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. नमाज ही दिवसातून पाच वेळा ठरावीक पद्धतीने, अरबी भाषेत करावयाची उपासना आहे. दुआ म्हणजे मागणे. ती कोणत्याही भाषेत, कोणत्याही वेळी, स्वतःच्या शब्दांत करता येते. नमाजमध्ये कपाळ जमिनीला टेकलेले असताना, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, प्रवासात असताना केलेली दुआ विशेष मोलाची मानतात. आपण मराठीत ‘म्हातारीने दुवा दिला’ म्हणतो, तो दुवा हाच.

प्रश्न बिकट होतो तो कुराणातील आश्वासनामुळे. दुसऱ्या सूरेतील १८६ व्या आयतीत ईश्वर सांगतो, की मी जवळच आहे आणि हाक मारणाऱ्याच्या हाकेला उत्तर देतो. चाळिसाव्या सूरेच्या ६० व्या आयतीतही तेच आश्वासन आहे. शब्द इतके स्वच्छ आहेत, की ‘मग माझे का ऐकले नाही?’ असे कोणाही भाविकाला वाटावे.

या शंकेला सर्वात प्रसिद्ध उत्तर हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात आहे. त्याचा आशय असा : मागणे पापाचे किंवा नातेसंबंध तोडणारे नसेल, तर मागणाऱ्याला तीनपैकी एक गोष्ट मिळतेच. एक तर मागितलेले इथेच मिळते, किंवा ते परलोकासाठी राखून ठेवले जाते, किंवा तेवढ्याच तोलाचे एखादे संकट टळते. म्हणजे ‘उत्तर’ आणि ‘होकार’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या माहितीच्या भाषेत सांगायचे, तर अर्ज फेटाळला जात नाही, पण निकाल कोणत्या स्वरूपात मिळेल हे अर्जदाराच्या हातात नसते.

दुसरी अट घाई न करण्याची. ‘मी मागितले, पण ऐकले गेले नाही’ असे म्हणून जो मागणेच सोडून देतो, त्याची दुआ तिथे संपते. मूसा पैगंबरांनी फिरऔनविरुद्ध केलेली दुआ कबूल झाल्याचे कुराणात म्हटले आहे, पण ती प्रत्यक्षात उतरेपर्यंत ४० वर्षे गेली, असे काही जुने भाष्यकार सांगतात.

तिसरी अट आपल्या नोकरीधंद्याच्या जगाला थेट लागू पडणारी आहे. एका हदीसमध्ये लांबच्या प्रवासाने थकलेला, केस विस्कटलेला, धुळीने माखलेला माणूस आकाशाकडे हात उचलून देवाला हाका मारतो. पण त्याचे खाणे, पिणे आणि कपडे हरामच्या कमाईचे आहेत, मग त्याचे ऐकले कसे जावे, असा प्रश्न तिथे केला आहे. दुसऱ्याचा पगार अडवून मशिदीत हात पसरणाऱ्याला माझे इथले सहकारी हीच हदीस ऐकवतात.

विचारवंतांपुढे आणखी एक पेच होता. सगळे जर आधीच ठरलेले आहे, तर मागून उपयोग काय? इ. स. ११११ मध्ये निवर्तलेले इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. ढाल बाण अडवते आणि पाण्यामुळे बी रुजते. तशीच दुआ हेही एक कारण आहे, आणि ज्याने परिणाम ठरवला त्यानेच हे कारणही ठरवले आहे. बाण येणार हे नशिबात आहे म्हणून कोणी ढाल टाकून देत नाही.

इथवरचे विवेचन बुद्धीला पटते. मात्र त्यात एक धोका आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. काही वर्षांपूर्वी एका सुदानी सहकाऱ्याची दहा वर्षांची मुलगी दीर्घ आजारानंतर वारली. आम्ही कचेरीतले सगळे समाचाराला गेलो. सुदानी रिवाजाप्रमाणे नवा माणूस आला की तो दोन्ही तळवे वर करून फातिहा पुटपुटतो आणि बसलेलेही हात उचलतात. दीड वर्ष तो बाप पहाटे उठून दुआ करीत होता, हे आम्हा सर्वांना माहीत होते. बसलेल्यांपैकी एकाने, बहुधा सांत्वनाच्याच हेतूने, दुआ कबूल व्हायच्या अटी मोजायला सुरुवात केली : मन एकाग्र हवे, कमाई शुद्ध हवी. बापाची मान खाली गेली. कारण प्रत्येक अट म्हणजे त्याच्यावर ठेवलेला आरोपच होता.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध ओमानी शिक्षक बोलले. त्यांनी मदीनेतील एका मशिदीची हकीकत सांगितली. माझे अरबी कामापुरतेच असल्याने ती मी नंतर नीट समजून घेतली. हदीसमध्ये असे आहे, की पैगंबर मुहंमद बनू मुआविया या कुळाच्या मशिदीत गेले, त्यांनी नमाज पढली आणि बराच वेळ दुआ केली. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. आपल्या अनुयायांचा दुष्काळाने नाश होऊ नये, बुडून नाश होऊ नये आणि त्यांनी आपापसांत लढू नये. पहिल्या दोन मिळाल्या, तिसरी नाकारली गेली. ही मशीद मदीनेत आजही आहे आणि तिचे नाव आहे ‘मस्जिद अल-इजाबा’. इजाबा म्हणजे प्रतिसाद, प्रार्थनेचा स्वीकार. तीनपैकी एक मागणे जिथे नाकारले गेले, तिलाच लोकांनी हे नाव दिले!

त्या वृद्धांचा मुद्दा एवढाच होता, की पैगंबरांच्या मागण्याला नकार मिळाला, तो त्यांच्या मनात खोट होती म्हणून नव्हे. कुराणात नूह पैगंबरांनी प्रलयात बुडणाऱ्या मुलासाठी विनवणी केली, तीही मान्य झाली नाही. खुद्द मुहंमदांचा मुलगा इब्राहीम तान्हेपणीच वारला. ते रडले, आणि डोळे वाहतात, मन दुखते, पण देवाला न रुचणारे आम्ही बोलणार नाही, अशा आशयाचे बोलले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की मुलाच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पैगंबरांनी ते खोडून काढले. सूर्यचंद्रांना ग्रहण कोणाच्या मरणाने किंवा जन्माने लागत नाही, असे त्यांनी सांगितले.

माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्याचे सार असे आहे : अटी स्वतःला तपासण्यासाठी आहेत, दुसऱ्याला मोजण्यासाठी नाहीत. नाकारलेली दुआ हा मागणाऱ्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. दुआ हीच उपासना आहे, असे एका हदीसमध्ये म्हटले आहे. म्हणजे मागण्याची कृतीच देवाशी नाते ठेवते, मग हाती काहीही येवो.

या नात्यात गाऱ्हाण्यालाही जागा आहे. यूसुफच्या विरहात याकूब पैगंबरांचे डोळे दुःखाने पांढरे झाले, आणि माझे गाऱ्हाणे मी देवाजवळच सांगतो, असे ते म्हणाले. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे असा अर्थ आपण लावतो, तो पुरेसा नाही. विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

नवसाचे मात्र वेगळे आहे. इस्लाममध्ये नवसाला ‘नज्र’ म्हणतात (आपला ‘नजराणा’ त्याच कुळातला). केलेला नवस फेडणे बंधनकारक आहे, परंतु पैगंबरांनी त्याला उत्तेजन दिले नाही. नवसाने होणारे टळत नाही, फक्त कंजुषाच्या हातून काही सुटते, असे त्यांचे मत होते. दुआ हा सौदा नाही, हे यावरून ध्यानात येते.

सामुदायिक पातळीवर याचे उदाहरण आखातात पाहायला मिळते. पाऊस लांबला की सौदी अरेबियाचे राजे किंवा अमिरातीचे राष्ट्राध्यक्ष ‘इस्तिस्का’च्या, म्हणजे पावसासाठीच्या नमाजचे आवाहन करतात. त्यात इमाम आपली चादर उलटी करून पांघरतो, जणू परिस्थिती पालटावी म्हणून. आणि पाऊस नाही आला तर? तर ती नमाज पुन्हा करावी, असे धर्मशास्त्री सांगतात. न मिळण्याची शक्यता गृहीत धरूनच हा विधी ठरवलेला आहे.

आपल्यापैकी अनेकांवर कधी ना कधी मुसलमान सहकाऱ्याच्या घरी समाचाराला जाण्याची वेळ येते. काय बोलावे सुचत नाही. इथले लोक ‘अज्जमल्लाहु अज्रक’ म्हणतात, म्हणजे देव तुम्हाला मोठे फळ देवो. आपणही तेवढे म्हणावे, समोर आलेला बिनसाखरेचा कहवा घ्यावा आणि थोडा वेळ शांतपणे बसावे. असे का झाले, हे समजावून सांगण्याची अपेक्षा तिथे कोणाचीच नसते.